बोटाला शाई, मग पंगत

आमच्या घरात दिवस शिट्टीनं सुरू व्हायचा. कोंबडाही होता, पण तात्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तात्या म्हणजे माझे वडील. सैन्यातून सुभेदार होऊन परतले ते एक काळी ट्रंक, एक होल्डॉल आणि ही पितळी शिट्टी घेऊन. पहाटे पडवीत उभं राहून त्यांनी शिट्टी मारली की गोठ्यातली म्हैस उठायची, शेजारचं घर उठायचं, पलीकडच्या आळीत कुणीतरी एक ठरलेली शिवी द्यायचं, आणि आम्ही दोघी बहिणी गोधडीत आणखी आत सरकायचो. आई तोवर कधीच उठलेली असायची. चुलीतल्या चिपाडांचा चुरचुर आवाज, परातीत भाकरी थापल्याचा आवाज, ताक घुसळल्याचा आवाज, हे सगळे त्या शिट्टीच्या आधीचे. तात्यांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की बायको आपल्या शिट्टीनं उठते. आईनं त्यांचा तो समज कधी मोडला नाही. ती म्हणायची, एवढ्यानं माणूस खूश राहतोय तर आपलं काय जातंय.

आमचं गाव शिराळ्याच्या पुढं, वारणेच्या अंगाला. चारी बाजूंनी ऊस, मधे घरं. तात्या घराकडं पलटणीसारखं बघायचे आणि रोज एखादा नवा हुकूम काढायचे. चपला एका रांगेत. ताटात काही टाकायचं नाही. बाहेर जाताना कुठं जातोय आणि कधी येणार ते सांगून जायचं. आईचा रिवाज वेगळा होता. ती प्रत्येक हुकुमाला "व्हय" म्हणायची आणि मग आपल्याला हवं तेच करायची. तेवीस माणसांच्या एकत्र घरात नांदून आलेलं ते शहाणपण होतं. ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, ते थोडंफार उचललं. मला काही जमलं नाही. मी हुकूम ऐकायची, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्यात दारावर उभं राहायची वेळ माझ्यावर आली.

हल्ली टीव्हीवर चार माणसं चार चौकटींत बसून भांडत असतात, की मतदान कायद्यानं सक्तीचं करावं का. माझा मुलगा सोफ्यावरून त्यांच्यात पाचवा होतो. जो मत देणार नाही त्याच्या सवलती बंद करा, त्याला दंड लावा, मग बघ कसे रांगा लावतात, असं तो मला सांगतो. मी त्याला सांगते की बाबा, हा कायदा आमच्याकडं एक दिवस लागू होता. तुझ्या मावशीच्या लग्नात. तो हसतो, कारण त्याला वाटतं मी वाढवून सांगते. म्हणून हे एकदा लिहूनच ठेवते.

ताईचं लग्न सांगलीला ठरलं. हळदीच्या पेठेत त्यांचं अडतीचं दुकान. मुलाचे वडील नव्हते. मोठे चुलते अप्पाकाका हेच घरातले कर्ते. मुहूर्त गोरजेचा निघाला, पत्रिका छापून झाल्या, आणि मग सरकारनं मतदानाची तारीख जाहीर केली. नेमकी तीच. सगळी भावकी म्हणाली, सुभेदार, लग्न पुढं ढकला. तात्यांना उलट आनंद झाला. मतदानाचा दिवस त्यांना सणाहून मोठा. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, साखर कारखाना असो, रांगेत पहिला नंबर त्यांचाच. शाई लागलेलं बोट ते पुढचे कित्येक दिवस जपायचे. आंघोळीला बसले की ते एक बोट वर धरून बसायचे. आई पाणी ओतताना म्हणायची, कुणाला दाखवताय, छपराला?

दोन्हीकडची माणसं मानपानाच्या याद्या करायला बसली तेव्हा तात्यांनी खाकरून जाहीर केलं, की लग्नाला ज्यानं त्यानं आपापल्या गावी मत देऊन यायचं. बोटाला शाई, मग पंगत. ज्याचं बोट कोरं, त्यानं अक्षता टाकाव्यात आणि पाणी पिऊन घरी जावं. पाहुणे हसले. त्यांना वाटलं विनोदी माणूस दिसतोय. सगळ्यांत जास्त वेळ अप्पाकाका हसले. आई आतून बघत होती. ती मला म्हणाली की हे हसणं काही बरोबर नाही.

लग्नादिवशी सकाळी सात वाजता मी माझं पहिलं मत दिलं. मशिन पीं करून एवढ्या जोरात वाजलं की मी त्याला "सॉरी" म्हणाले. तिथून तात्यांनी मला थेट मांडवाच्या दाराशी नेऊन उभं केलं. माझं काम, आत जाणाऱ्याचं बोट बघायचं. अठरा वर्षांची, परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली नवरीची बहीण मी, आणि माझ्यासमोर गावातले मिशीवाले पुरुष शाळेतल्या पोरांसारखे डावा हात पुढं करून रांगेत. त्या दिवशी मी जेवढी बोटं बघितली तेवढी एखाद्या ज्योतिष्यानं बघितली नसतील. एकानं काजळ लावून आणलं होतं, ते माझ्या हाताला लागलं. एकानं बॉलपेननं नख रंगवलं होतं. एक मामा बोटाला चिंधी गुंडाळून आले आणि शाई आत आहे, पण जखम उघडता येत नाही, असं म्हणाले. हौसाआत्या म्हणजे तात्यांची चुलतबहीण. डोक्यावर पांढऱ्या केसांचा अंबाडा, तोंडात मोजून दात. तिचं बोट कोरं. ती शांतपणे म्हणाली, "मला अजून अठरावं लागायचंय." मी तिला आत सोडलं. मागून तीन-चार बायका सतरा वर्षांच्या निघाल्या.

दुपारी वराकडची माणसं दोन एसट्या करून आली. सांगलीकरांनी शब्द पाळला होता. उतरतानाच एकेकजण बोट वर करून उतरत होता, नवरासुद्धा. शेवटी अप्पाकाका उतरले. अंगानं भरलेले, डोक्याला जरीचा फेटा, आणि जन्मभर हळद हाताळून दोन्ही पंजे कायमचे पिवळे झालेले. त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. पिवळंजर्द बोट, त्यात अंगठी, आणि शाईचा ठिपका नाही. मी कसंबसं विचारलं, काका, शाई?

"न्हाई बाळ," ते म्हणाले. "आन् लागणार बी न्हाई. तुजी ड्युटी तू कर." एवढं बोलून ते वळले आणि मांडवाबाहेर चिंचेखाली बाजेवर जाऊन बसले.

आत पंगत मांडून झाली होती. पत्रावळीवर मीठ, लोणचं वाढून झालं होतं. अप्पाकाका बाहेर बसल्याचं कळलं तसं सगळं वऱ्हाड एकामागं एक उठलं. कर्ता माणूस उपाशी बसलेला असताना आपण घास कसा घ्यायचा. बघता बघता मांडवात नुसत्या पत्रावळ्या उरल्या आणि चिंचेखाली जत्रा झाली. ही बातमी आतल्या खोलीत ताईपर्यंत गेली. ती मुंडावळ्या बांधून बसली होती. रडली तर काजळ फिसकटेल म्हणून डोळे वर करून, छताकडं बघत रडत होती. मी गेले तर एवढंच म्हणाली, "माझं लग्न मोडलं तर मी जन्मात मत देणार न्हाई."

तात्या चिंचेखाली गेले. आवाज खाली ठेवून बोलत होते, म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जात होतं. देश तुम्हाला पाच वर्षांतून एकदा बोलावतो आणि तुम्हाला तेवढंही होत नाही, असा त्यांचा मुद्दा. अप्पाकाकांचा मुद्दा असा, की मत माझं आहे, ते द्यायचं की गाठीला ठेवायचं हेही माझंच. बळजबरीनं भरवलेला घास पोटात राहत नाही. तात्या म्हणाले, पण माणसाला पाटावर तरी बसवावं लागतं. यावर वऱ्हाडातल्या निम्म्या माणसांनी माना डोलावल्या. अप्पाकाकांनी फेटा सारखा केला आणि साध्या आवाजात विचारलं,

"सुभेदार, तुमच्या आचाऱ्यानं मत दिलंय का?"

मागं चुलवणावर झारा वाजत होता, तो थांबला. आचारी गणपा हा कवठे महांकाळचा, चार पोरं घेऊन आदल्या दिवसापासून आमच्याकडं राबत होता. तो हात पुसत पुढं आला आणि म्हणाला, "न्हाई जी. कालपास्नं हितंच हाय की."

"म्हंजे हे जेवणार न्हाईत," अप्पाकाका म्हणाले. "आन् उपाशी माणसानं रांधल्यालं तुमी सगळ्यांनी जेवायचं. कायदा चांगला हाय."

तात्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. पण दिलेला हुकूम मागं घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पाय जुळवले आणि सांगितलं, गणपा, गाडी घे, गावी जा, मत देऊन ये. मी तुला रोखणार न्हाई. गणपानं एकदा चुलवणाकडं, एकदा तात्यांकडं पाहिलं. त्याच्या पोरांना मात्र लगेच देशप्रेमाचा उमाळा आला. दारात एकच गाडी होती, नवरानवरीला सांगलीला न्यायची, झेंडूच्या माळांनी मढवलेली, पुढं नारळ बांधलेली. पाच आचारी तिच्यात कोंबून बसले आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. घाईत गणपानं बुंदीचा झाराही हातातून खाली ठेवला नव्हता. पुढं कळलं, की तासगावात एका म्हातारीनं नवरी बघायला गाडी थांबवली, आणि आत झारा मांडीवर घेऊन बसलेल्या गणपावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

इकडं तात्यांनी बाह्या दुमडल्या. सैन्यात त्यांचं सगळं आयुष्य तारा जोडण्यात गेलं होतं; लंगरच्या बाजूला ते फक्त ताट घेऊन जायचे. पण आव असा, की जणू सगळ्या पलटणीला यांनीच जेवू घातलं. भावकीतल्या दोन पोरांना हाताशी घेऊन त्यांनी आमटीच्या डेगीत तिखट टाकलं, मीठ टाकलं, आणि मग हळद. मूठमूठ. मी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होते. चौथ्या मुठीला चिंचेखाली हालचाल झाली. अप्पाकाका धोतर सावरत चुलवणापाशी येऊन उभे राहिले.

"सुभेदार, आमटी करताय का हळकुंडं शिजवताय?"

"तुमच्याच दुकानाची हाय."

"म्हणून तर जीव तुटतोय," असं म्हणून त्यांनी तात्यांच्या हातातला आमटीचा वगराळा काढून घेतला.

पुढचा तास मी त्या दोघांमधे बसून होते, आणि दोघंही मी तिथं आहे हे विसरले होते. अप्पाकाकांनी आमटीत पाणी वाढवलं, चिंचगूळ घातला, ती माणसांत आणली. भात खाली लागला होता, तो वरचा वरचा काढला. बुंदीला झारा नव्हता. भिजवलेलं पीठ पातेलंभर तसंच पडलं होतं. अप्पाकाका त्यात कांदा, ओवा, मीठ घालून भजी सोडायला लागले. आमच्या भागात अजून त्या लग्नाला भज्यांचं लग्न म्हणतात. एकीकडं भजी तळता तळता त्यांनी तात्यांना मत न देण्याचं खरं कारण सांगितलं. त्यांच्या दुकानात सगळ्या पक्षांची माणसं बसायची. प्रत्येकजण चहा पिऊन म्हणायचा, अप्पा, तुमचं मत आम्हालाच. हे प्रत्येकाला व्हय म्हणायचे. पहिल्याच निवडणुकीत दोन मित्र समोरासमोर उभे होते, दोघांना शब्द दिला, आणि त्या दिवशी हे घरात पांघरूण घेऊन पडून राहिले. तेव्हापासून तेच.

"गेलो न्हाई म्हंजे कुणालाच फशिवलं न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यांचा शब्द राखला. गेलो, की एक सोडून बाकीच्यांशी लबाडी."

तात्यांनी लाकडं आत सारली. मग त्यांनी आपलं सांगितलं, जे मी किंवा आईनंही कधी ऐकलं नव्हतं. सीमेवर मतपत्रिका टपालानं यायची. दर खेपेला ती निकाल लागून, मंत्री शपथा घेऊन कामाला लागल्यावर पोचायची. बाकीचे त्या कागदात चणे बांधायचे. तात्या मात्र बर्फात बसून नीट खूण करायचे, पाकीट चिकटवायचे आणि परत धाडायचे. "कुठं जात आसंल ते, कुणास ठाऊक," ते म्हणाले. "पर माझं मत मोजलं गेलं न्हाई कवा. म्हणून आता रांगेत उभं राहिलं की मला लय बरं वाटतं." अप्पाकाकांनी पहिल्या घाण्यातलं एक भजं त्यांच्या हातावर ठेवलं.

तेवढ्यात आई आली. पहाटेपासून ती माजघर, मांडव, देवघर आणि पाहुण्यांच्या बायका अशी फिरत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम, कोपरापर्यंत पीठ. भज्यांत मीठ बरोबर आहे का बघते म्हणून तिनं हात पुढं केला. अप्पाकाका भजं द्यायला गेले आणि मधेच थांबले. त्यांची नजर तिच्या बोटावर होती. त्यांनी कोपरानं तात्यांना ढोसलं. तात्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. पिठाखाली बोट कोरं होतं.

"तू मत दिलं न्हाईस?" तात्यांनी विचारलं.

"कवा देऊ?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "सकाळपास्नं मला कुणी सोडलंय का? आवं, तुमीच सात वेळा हाक मारली."

"मग जेवलीस?"

"तुमचा कायदा हाय न्हवं."

तात्या ताडकन उठले आणि म्हणाले, चल, आधी मत दे. मतदान संपायला फार वेळ उरला नव्हता. शाळा गावाच्या त्या टोकाला, गाडी आचाऱ्यांनी नेलेली. कुणीतरी नवऱ्याची घोडी पुढं आणली. आई म्हणाली, घोडीवर बसले तर गाव माझंच लग्न लागतंय म्हणंल. ती चालतच निघाली. हात धुवायलाही कुणी थांबू दिलं नाही. वाजंत्रीवाले सकाळपासून रिकामे बसले होते. एवढी माणसं एकदम उठून निघालेली बघून त्यांना वाटलं वरात निघाली, आणि त्यांनी ताशा सुरू केला. तर पुढं शालू नेसलेली, पिठाच्या हातांची आई, बाजूला तिचं ओळखपत्र दोन्ही हातांत धरून तात्या, मागं वगराळा घेऊन अप्पाकाका, त्यांच्यामागं उपाशी वऱ्हाड, आणि सगळ्यांत मागं रिकामी घोडी. हौसाआत्या नाचायला लागली. सतराव्या वर्षी माणूस नाचणारच.

शाळेबाहेर रस्त्यावर चुन्याची रेघ मारली होती. तिथं पोलिसानं दोन्ही हात पसरले आणि मिरवणूक थांबवली. ताशा बंद पडला. आई एकटी पुढं गेली, तिच्यामागं शाळेचं फाटक लागलं. वर्गाचं दार उघडं होतं, फाटकाच्या गजांतून आम्हाला लांबून दिसत होतं, आणि ताशा थांबल्यामुळं ऐकूही येत होतं. तिनं अंगठा दिला नाही, सही केली. बोटाला शाई लावून घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. आणि मग काहीच झालं नाही. पीं वाजेना. तात्या रेघेवर चवड्यांवर उभे. तिला बटण सापडंना का, म्हणून पोलिसाला विचारत होते. पोलीस म्हणाला, मला विचारू नका. वर्गातला साहेब आधी खाकरला, मग त्यानं खुर्ची सरकवली, मग हळूच "बाई, झालं का?" असं विचारलं. आतून आईचा आवाज आला, "थांबा जरा." वऱ्हाडातलं एक पोर रडायला लागलं. मग केव्हातरी पीं वाजलं, आणि आमच्याकडं टाळ्या पडल्या.

परत येऊन तात्यांनी स्वतः पाट मांडले. पहिल्या पाटावर आईला बसवलं आणि शेजारच्या पाटाकडं हात करून अप्पाकाकांना म्हणाले, व्याही, बसा. अप्पाकाकांनी आपलं पिवळं बोट वर करून दाखवलं. तात्या म्हणाले, "असू द्या. घरातलं बघितलं न्हाई, तुमचं काय बघू." मग ते पंगतभर आमटी वाढत फिरले. ती पुरती पिवळी होती आणि बरी लागत होती. गोरजेला अक्षता पडत होत्या तेव्हा झेंडू गळालेली गाडी दारात आली आणि पाच आचारी बोटं वर करून मांडवात शिरले. ताई मुंडावळ्यांतून हसली, तेव्हा काजळ फिसकटलंच.

पुढं मशिनवर "वरीलपैकी कोणी नाही" हे बटण आलं. त्या दिवशी अप्पाकाकांचा तात्यांना फोन आला. म्हणाले, सुभेदार, माझी सोय झाली. आता सगळ्यांशी सारखीच लबाडी. मुलाला मी हेही सांगते. तो विचारतो, म्हणजे तुझं मत काय, सक्ती पाहिजे की नको? मला आजही नीट सांगता येत नाही. तात्या बरोबर वाटतात, मग अप्पाकाका बरोबर वाटतात, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते.

ताईच्या लग्नानंतरच्या मतदानाला मी माहेरी होते. आई सकाळीच धुतलेलं लुगडं नेसली, डोक्याला तेल लावलं, आणि कुणाला काही न सांगता एकटी निघाली. चुलीपाशी तात्या भाकरी थापत बसले होते. एकीचाही आकार धड नव्हता. आई आली ती चांगल्या तासाभरानं, सावकाश, शाईचं बोट पदराला लागू न देता. मी तिला विचारलं, तू आत एवढा वेळ करतेस तरी काय? तिनं आधी तात्यांकडं पाहिलं, ते लांब आहेत याची खात्री केली आणि माझ्या कानाशी वाकली.

"काय न्हाई गं. नुसती उभी राहते," ती म्हणाली. "तिथं सरकार बी हाक मारताना भितंय."